युद्धवाङ्मय कसे वाचावे?

वाचनाची गोडी लागू लागली की मुलांना युद्धाच्या गोष्टी विशेष आवडतात. त्यांत शौर्य असते, संकट असते आणि पुढे काय होणार ही उत्कंठा असते. ही आवड चांगलीच आहे. परंतु कोण जिंकले एवढेच पाहून पुस्तक मिटले, तर माणूस बहुश्रुत होत नाही. उलट एका पक्षाचा अभिमान आणि दुसऱ्याचा द्वेष, एवढेच पदरी पडण्याची भीती असते. म्हणून असे ग्रंथ कसे वाचावेत, ह्याचा थोडा विचार करू.

आरंभ घराजवळून करावा. आपली उज्जयिनी तीर्थक्षेत्र म्हणून विख्यात आहे, पण तिच्या परिसराने मोठी युद्धेही पाहिली आहेत. १६५८ च्या एप्रिलमध्ये जवळच्या धरमत येथे औरंगजेब व मुराद यांनी जसवंतसिंहाचा पराभव केला आणि आग्र्याची वाट मोकळी करून घेतली. २१ डिसेंबर १८१७ रोजी आपल्याच जिल्ह्यातील महिदपूर येथे इंग्रज व होळकर यांची लढाई झाली. त्या दिवशी इंग्रजी फौजेला होळकरांच्या तोफांच्या माऱ्यातून क्षिप्रा ओलांडावी लागली. नकाशा उघडून नदी, उतार आणि रस्ते पाहिले म्हणजे लढाईतील डावपेच आपोआप उमगू लागतात. म्हणून नकाशा शेजारी ठेवावा, हा पहिला नियम.

दुसरा नियम असा की, तलवारीआधी धान्याकडे पाहावे. पानिपतचेच उदाहरण घ्या. १४ जानेवारी १७६१ च्या त्या एका दिवसाआधी दोन्ही सैन्ये सुमारे अडीच महिने समोरासमोर तळ देऊन होती. मराठ्यांच्या छावणीत सैनिकांबरोबर कुटुंबे, यात्रेकरू व नोकरचाकर यांचाही मोठा समुदाय होता. रसद तुटली, उपासमार होऊ लागली आणि अखेर बाहेर पडून लढणे भाग पडले. हे कळले म्हणजे पराभवाचा सारा दोष एखाद्याच सरदारावर टाकण्याचा मोह आवरतो.

तिसरा नियम म्हणजे, कोण सांगत आहे आणि केव्हा, हे विचारावे. काशीराज हा शुजाउद्दौल्याच्या पदरी होता. त्याने हा रणसंग्राम अब्दालीच्या बाजूने पाहिला आणि १७८० साली फारसीत त्याची हकीकत लिहिली. ‘भाऊसाहेबांची बखर’ तीच लढाई मराठ्यांच्या बाजूने आणि मोठ्या आवेशाने सांगते. त्र्यंबक शंकर शेजवलकरांसारखा इतिहासकार अशा साधनांची एकमेकांशी पडताळणी करतो. विश्वास पाटील यांची १९८८ ची ‘पानिपत’ ही मात्र कादंबरी आहे. तिच्यातील संवाद लेखकाने रचलेले आहेत. ते पुरावा म्हणून पुढे करू नयेत.

मग कादंबरी वाचावयाची कशासाठी? इतिहास घटना आणि कारणे सांगतो. थंडीत, भुकेत व भीतीत माणसाचे मन कसे होते, हे कादंबरी जाणवून देते. टॉलस्टॉयने ‘वॉर अँड पीस’मध्ये १८१२ ची बोरोदिनोची लढाई रंगविली. त्याचा जन्म त्या लढाईनंतर सोळा वर्षांनी झाला. परंतु क्रिमियाच्या युद्धात सेवास्तोपोलच्या वेढ्यात तो स्वतः होता, आणि तो अनुभव त्याच्या कामी आला. रेमार्क हा जर्मन लेखक पहिल्या महायुद्धात जखमी झाला होता. त्याची ‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’ ही कादंबरी १९२९ मध्ये प्रसिद्ध झाली. तिचा नायक सेनापती नव्हे, शाळेतून थेट खंदकात गेलेला एक तरुण आहे. तुमच्याहून तो फारसा मोठा नव्हे.

चौथा नियम सर्वांत महत्त्वाचा. युद्धाची किंमत कोणी दिली, हे विचारल्यावाचून पुस्तक मिटू नये. पानिपतची वार्ता नानासाहेब पेशव्यांना उत्तरेच्या वाटेवर एका सावकारी पत्रातून कळली असे सांगतात. त्यात थोर पुरुषांना मोती व मोहरा म्हटले होते, आणि त्यांची संख्या दिलेली होती. सामान्य माणसे म्हणजे नाण्यांचा खुर्दा. त्याची मात्र मोजदादच नव्हती. तेव्हा उज्जैन ही शिंद्यांची राजधानी होती. ह्या घराण्यातील जनकोजी त्या युद्धात गेले. महादजी पायाला जबर जखम होऊनही वाचले. त्यांना वाचविणारा राणेखान हा भिश्ती होता, असे परंपरा सांगते. म्हणजे तोही त्या खुर्द्यातलाच.

येत्या सुट्टीत एकच लढाई निवडा. तिच्यावरील एक इतिहासग्रंथ आणि एक कादंबरी वाचा. वहीच्या एका पानावर खात्रीने घडलेले लिहा व दुसऱ्यावर लेखकाने कल्पिलेले. तिसरे पान नाव न राहिलेल्या माणसांसाठी ठेवा. त्यांच्याविषयी जे जे हाती लागेल, ते तेथे टिपा. दहा पुस्तके घाईने संपविण्यापेक्षा अशी दोन पुस्तके वाचणारा विद्यार्थी अधिक बहुश्रुत होईल, आणि युद्धाची भाषा सहज बोलणाऱ्यांच्या मागे तो सहजासहजी जाणार नाही.