छत्तीस नंबरची दाढ

रात्रीचे दोन. सबमिशनच्या फाइली लिहून लिहून हॉस्टेल आडवं झालेलं आणि मी गालावर हात दाबून कॉरिडॉरमध्ये येरझाऱ्या घालतोय. आडवं झालं की डावीकडची खालची दाढ नाडीच्या ठोक्यावर ठणकायची. उठून बसलं की जरा बरं. पाण्याचा घोट घेतला तर जी कळ सुटायची, ती मिनिट-दोन मिनिटं जायची नाही.

कारण अगदी सोलापुरी. घरून पार्सल आलेली कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. तिसऱ्या घासाला 'कट्' असा आवाज आला आणि दाढेचा एक अख्खा कोपरा हातात आला. भाकरीला दोष देण्यात अर्थ नाही म्हणा. त्या दाढेत अकरावीत सिमेंट भरलं होतं, ते बारावीच्या परीक्षेत निघालं, आणि 'सुट्टीत बघू' म्हणता म्हणता तीन सुट्ट्या गेल्या.

हॉस्टेलवर अशा वेळी प्रत्येक जण डॉक्टर होतो. एकाने लवंग दिली. ती धरल्यावर तासभर खरंच बधिर वाटलं, पण तेवढंच. एकाने आदल्या तापातल्या उरलेल्या अँटिबायोटिकच्या दोन गोळ्या काढल्या. एक जण म्हणाला, पेनकिलर कुटून थेट खड्ड्यात भर. नशीब, ते ऐकलं नाही. ॲस्पिरिनसारखी गोळी हिरडीवर ठेवली तर तिथली कातडी भाजून निघते. आणि नस सुजल्यामुळे दाढ दुखत असेल तर अँटिबायोटिकने ती थांबत नाही. हे दोन्ही मला नंतर कळलं.

सकाळी हॉस्टेलजवळच्या दवाखान्यात गेलो. एक्स-रे झाला. डॉक्टर असिस्टंटला म्हणाले, "छत्तीस नंबर लिही." मला वाटलं, माझा पेशंट नंबर असेल. तर तो दाढेचा नंबर होता. तोंडाचे चार भाग करतात. वरचा उजवा पहिला, वरचा डावा दुसरा, खालचा डावा तिसरा, खालचा उजवा चौथा. मग मधल्या दातापासून मागे मोजत जायचं. तिसऱ्या भागातली सहावी, म्हणून ३६. आमचा दोघांचा खरोखरच छत्तीसचा आकडा होता.

ही दाढ साधारण सहाव्या वर्षी येते, एकही दुधाचा दात न पाडता, गुपचूप मागे. त्यामुळे घरच्यांना ती दुधाचीच वाटते. 'पडेल ती, नवीन येईल' म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होतं. नवीन काही येत नाही. ती शेवटपर्यंत तीच असते.

डॉक्टरांनी दोन पर्याय ठेवले. रूट कॅनॉल आणि वर कॅप, मिळून साडेनऊ हजार. नाहीतर काढून टाकू, आठशे. "दोन दिवसांत विचार करून सांग."

साडेनऊ हजार म्हणजे माझं तीन महिन्यांचं मेस बिल. घरी फोन केला. आबा म्हणाले, "काढून टाक की. माझ्या चार काढल्यात, काय बिघडलं?"

फोन ठेवला आणि मी जवळजवळ ठरवलंच होतं. पण मग आठवलं, आमच्या घरी कडक भाकरी होते ती आमच्यासाठी. आबांचं ताट वेगळं असतं. त्यांची भाकरी मऊ, तीही दुधात कुस्करून, आणि घास कायम उजव्या बाजूला. शेंगदाणे खाऊन त्यांना किती वर्षं झाली, मला सांगता येणार नाही. आबा अजून पन्नाशीचेही नाहीत.

त्या दिवशी मी 'हो' म्हटलं नाही. एका मित्राची बहीण बीडीएस करते. तिने सांगितलं, पैशांचा प्रश्न असेल तर दंत महाविद्यालयाच्या हॉस्पिटलमध्ये जा, काढायची का ठेवायची तेही तिथे विचार. मुंबईत सीएसएमटीजवळ सरकारी दंत महाविद्यालय आहे, मुंबई सेंट्रलला पालिकेचं नायर आहे. नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला सरकारी आहेत, गोव्यात बांबोळीला आहे. खासगी दंत महाविद्यालयांच्या ओपीडीतही बाहेरच्या क्लिनिकपेक्षा बरंच कमी बिल होतं. पैसे वाचतात आणि वेळ जातो, हा सरळ सौदा आहे. मी एका कॉलेजात गेलो. सकाळी आठला केस पेपरची रांग, मग एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर. पहिल्या दिवशी नुसतं निदान झालं आणि दोन लेक्चर बुडाली.

पण तिथे पहिल्यांदा कुणीतरी मला एक्स-रे समजावून सांगितला. पीजी करणारी मुलगी होती, माझ्यापेक्षा पाचेक वर्षांनी मोठी. तिच्याही केसेसचा कोटा पूर्ण व्हायचा होता, त्यामुळे माझी दाढ बघून तिला झालेला आनंद जरा जास्तच होता. तिने कागदावर दाढ काढली. वर इनॅमल, आत डेंटिन आणि मध्ये मऊ गाभा. या गाभ्यालाच आपण 'नस' म्हणतो. यात रक्तवाहिन्या असतात, मज्जातंतू असतात. बोटाला लागलं तर बोट सुजतं, बाहेर फुगायला जागा असते. दाढेच्या आतल्या गाभ्याला चारी बाजूंनी भिंत. सूज आली की आतच दाब वाढतो. झोपल्यावर डोक्याकडे रक्ताचा दाब वाढतो, म्हणून रात्री ठणका.

थंड लागल्यावर कळ आली आणि लगेच गेली, तर गाभा अजून सावरू शकतो. कीड काढून सिमेंट भरलं की बऱ्याचदा भागतं. कळ रेंगाळत राहिली, रात्री आपोआप दुखायला लागलं, तर गाभा परत पहिल्यासारखा होण्याची शक्यता कमी. आणि आठवडाभर ठणकून एक दिवस सगळं अचानक शांत झालं, तर पार्टी करू नका. गाभा मेलेला असू शकतो. मग जंतू मुळाच्या टोकातून हाडाकडे सरकतात, आणि आपण खूश असतो की लवंगेने काम केलं.

मी विचारलं, "मग इतकी दुखतेय म्हणजे काढावीच लागणार ना?"

ती म्हणाली, "दुखण्यावरून ठरत नाही. शिल्लक किती आहे त्यावरून ठरतं."

मला हे आधी कुणी सांगितलंच नव्हतं. मी दोन दिवस ठणक्याच्या जोरावर निर्णय घेत होतो. भयंकर दुखणारी दाढ छान वाचू शकते आणि अजिबात न दुखणारी दाढ काढावी लागू शकते. ते बघतात ते असं: कीड काढून टाकल्यावर हिरडीच्या वर सगळीकडून दीड-दोन मिलिमीटर तरी भक्कम दात उरतो का, म्हणजे कॅपला धरायला काही राहतं. मूळ चिरलंय का. मुळांभोवतीचं हाड किती आहे, दाढ हलते का. माझ्या दाढेचा एक कोपरा गेला होता, पण बाकी भिंती उभ्या होत्या. मुळं शाबूत होती. "ही काढली तर मला वाईट वाटेल," ती म्हणाली.

मधला एक पर्यायही असतो. गाभ्याचा वरचा भागच बिघडला असेल आणि आतला जिवंत असेल, तर फक्त वरचा काढून टाकतात आणि त्यावर खास औषधी सिमेंट बसवतात. पूर्वी हे मुख्यतः लहान मुलांच्या दातांत करायचे, आता मोठ्यांच्या दाढांतही केलं जातं. गाभा उघडल्यावर रक्त काही मिनिटांत थांबलं तर हे जमतं. माझं थांबलं नाही, त्यामुळे पूर्ण रूट कॅनॉल.

रूट कॅनॉलच्या भीतीबद्दल: दुखलं ते भूल देतानाच्या सुईचं. नंतरचं काम म्हणजे तासभर आ वासून पडणं. दाढेभोवती रबराचा पडदा लावतात, म्हणजे थुंकी आत जात नाही आणि औषध घशात जात नाही. खालच्या या दाढेला सहसा दोन मुळं असतात आणि त्यांत तीन, कधी चार नळ्या. केसासारख्या बारीक फाइलींनी त्या साफ करायच्या, जंतुनाशकाने धुवायच्या आणि शेवटी गटापर्चाने भरायच्या. हा गटापर्चा म्हणजे आग्नेय आशियातल्या एका झाडाचा चीक. एकोणिसाव्या शतकात समुद्राखालून टाकलेल्या तारायंत्राच्या केबलवर याचंच आवरण असायचं. आता तो माझ्या जबड्यात आहे. इंजिनिअरिंगच्या पोराला एवढं तरी कौतुक वाटणारच.

चार खेपा झाल्या. दुसऱ्या आणि तिसऱ्या खेपेच्या मध्ये परीक्षा आल्या, मी पंधरा दिवस गेलो नाही, आणि तिने मला व्यवस्थित झापलं. बरोबरच होतं. तात्पुरतं सिमेंट गळलं की जंतू परत आत. अर्धवट रूट कॅनॉल सोडून देणारे पुष्कळ असतात, कारण पहिल्याच खेपेत दुखणं थांबतं. कॅपही अशीच राहून जाते. पण आतून पोकळ केलेली मागची दाढ चावताना फुटायची भीती असते, आणि उभी चिरली की मग काढण्याशिवाय काही उरत नाही.

आता आठशेचा हिशोब. दाढ काढली की आठशेत सुटलो असं वाटतं. पण जागा मोकळी राहिली की मागची दाढ हळूहळू त्या खड्ड्याकडे कलते, वरची तिच्या जोडीची दाढ खाली उतरायला लागते, आणि त्या जागचं हाड झिजतं. हे एका महिन्यात दिसत नाही, वर्षं लागतात. आबांना 'काही बिघडलं नाही' असं वाटतं ते म्हणूनच. जागा भरायची तर ब्रिज, म्हणजे शेजारच्या दोन धडधाकट दाढा तासून त्यांच्या आधारावर मधली बसवायची. नाहीतर इम्प्लांट, हाडात टायटॅनियमचा स्क्रू. ब्रॉनेमार्क नावाच्या स्वीडिश संशोधकाने सशाच्या हाडात बसवलेलं टायटॅनियमचं उपकरण निघेचना, त्यातून ही कल्पना निघाली. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या माणसाला असे दात बसवले. भारी गोष्ट आहे, पण रूट कॅनॉलपेक्षा बरीच महाग. शिवाय जबड्याची वाढ पूर्ण होईपर्यंत इम्प्लांट बसवत नाहीत, तेव्हा अठरा-एकोणिसाव्या वर्षी थांबायलाही सांगू शकतात.

म्हणजे काढणं नेहमी चूक, असंही नाही. माझ्या रूममेटची केस बघा. त्याची रूट कॅनॉल केलेली दाढ, कॅप दोन वर्षं 'पेंडिंग', आणि मूळ उभं चिरलेलं. तो तीन ठिकाणी गेला, वाचवा म्हणून. तिन्ही ठिकाणी सांगितलं, काढ. चिरलेल्या मुळावर पैसे घालणं म्हणजे ते पाण्यात टाकणं. त्याने काढली. दिवसभर चूळ भरायची नाही, थुंकायचं नाही, स्ट्रॉने काही प्यायचं नाही, सिगरेट तर नाहीच, कारण खड्ड्यात धरलेली रक्ताची गुठळी निघाली की हाड उघडं पडतं आणि मूळ दुखणं बरं वाटायला लागतं. यातली शेवटची अट त्याला जड गेली. पुढे काय बसवायचं, ते नोकरी लागल्यावर ठरवणार आहे.

अक्कलदाढेचा हिशोब निराळा. ती आपल्याच वयात, सतरा ते पंचविसात येते, आडवी अडकली तर हिरडी वारंवार सुजते. तिला चावायचं काम फारसं नसतं, त्यामुळे सारखी त्रास देत असेल तर काढतात. पण त्रासच देत नसेल तर सरसकट काढू नका, असं ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २००० सालीच सांगून ठेवलंय.

घरच्या ग्रुपवर या काळात दोन फॉरवर्ड आले. एक, वरचा दात काढला की नजर जाते. दाताच्या नसा वेगळ्या, दृष्टीची नस वेगळी. दुसरा, रूट कॅनॉलने शरीरभर रोग पसरतात. हा शंभर वर्षं जुना आहे. १९१० मध्ये विल्यम हंटर या ब्रिटिश डॉक्टरने कॅनडात एक भाषण केलं, दातांवरच्या कॅप-ब्रिजखाली साठणाऱ्या घाणीला अनेक आजारांसाठी जबाबदार धरलं. त्या लाटेत पुढची काही दशकं लोकांचे धड दातही उपटले गेले. आजार काही बरे झाले नाहीत, आणि ती थिअरी मागे पडली. फॉरवर्ड मात्र जिवंत.

एका बाबतीत मात्र दोन दिवस विचार करत बसायचं नाही. गाल किंवा जबड्याखाली सूज चढतेय, ताप आहे, तोंड उघडत नाही, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होतोय, तर क्लिनिकची अपॉइंटमेंट नाही, थेट हॉस्पिटल. रात्रीचे दोन वाजले असले तरी.

माझी कॅप गेल्या महिन्यात बसली. सगळं मिळून दवाखान्याने सांगितलेल्या रकमेच्या निम्म्याहून कमी लागले, आणि बुडालेली लेक्चर्स अकरा. त्यातलं एक प्रॅक्टिकल होतं, त्याचे मार्क गेले ते गेलेच.

घरी गेलो तेव्हा आईने मुद्दाम कडक भाकरी केली होती. मी डावीकडून चावली. आबा बघत होते. जेवण झाल्यावर ओसरीवर बसून त्यांनी विचारलं, "तुझ्या त्या कॉलेजात सोलापूरचा माणूस घेतात का रे?" उजवीकडची एक दाढ त्यांना दोन महिने सलत होती. कुणाला सांगितलं नव्हतं.

पुढच्या सोमवारी त्यांना घेऊन जायचंय. सकाळी आठच्या आत.