खोडव्याची फूट : पस्तिशीत इंजिनीअर होऊ पाहणाऱ्यांसाठी



आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी एक भाऊ गावी उसात, तर दुसरा वसई-विरारकडे नोकरीत असतो. वालीव, सातिवली, गोखिवरे इथल्या गाळ्यांतून फिटर, टर्नर, वायरमन म्हणून तो दहा-बारा वर्षे काम करतो. राहायला नालासोपारा, नाहीतर विरार. एखाद्या दिवाळीला तो घरी येऊन म्हणतो, "दादा, मला आता डिप्लोमा करायचाय. ऊसबिलातून फीचं बघाल का?" या वयात शिकून नोकरी लागेल का, असा प्रश्न मग घरात पडतो. त्याचा खुलासा येथे करीत आहोत.

नोकरी लागते, पण बाविशीच्या पोराला लागते तशी नाही. कॉलेजात येऊन मुले निवडणाऱ्या कंपन्यांना कमी पगारावर नवशिका हवा असतो. त्या रांगेत पस्तिशीचा माणूस मागे पडतो. त्याची गोष्ट खोडव्यासारखी आहे. खोडव्याला नवे बेणे लागत नाही, मुळी जुनीच असते. मात्र बुडखे छाटून, बगला फोडून खत दिले तरच फुटवे जोमाने येतात. जुना अनुभव ही मुळी, शिक्षण हे खत. मुळी सोडून नुसत्या खतावर पीक येत नाही.

म्हणून शाखा निवडताना हातातल्या कामाचीच निवडावी. फिटरने मेकॅनिकल घ्यावे, वायरमनने इलेक्ट्रिकल. कॉम्प्युटरला मागणी आहे असे ऐकून तिकडे वळला, तर बारा वर्षांचा अनुभव पाण्यात जातो.

वाट अशी आहे. दहावीनंतर दोन वर्षांचा आय.टी.आय. झालेल्यास डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षात, आणि डिप्लोमा झालेल्यास पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेशाची सोय आहे. नोकरी करणाऱ्यांसाठी सोयीच्या वेळेचे वर्ग चालवायला अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२३-२४ पासून मान्यता देण्यास सुरुवात केली. वसईत १९९४ पासून विद्यावर्धिनीचे इंजिनीअरिंग कॉलेज आहे. असे वर्ग कोठे चालतात, याची चौकशी जवळच्या कॉलेजात समक्ष जाऊन करावी.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. "घरबसल्या इंजिनीअर" अशा जाहिरातीला भुलू नये. परिषदेच्या मान्यतेवाचून पत्राद्वारे दिलेल्या इंजिनीअरिंग पदव्यांवर सर्वोच्च न्यायालयाने ३ नोव्हेंबर २०१७ च्या निकालात कडक ताशेरे ओढले, आणि हजारोंच्या पदव्या अडचणीत आल्या. ए.एम.आय.ई. परीक्षेलाही पदवीची बरोबरी ३१ मे २०१३ पर्यंत नाव नोंदवलेल्यांनाच आहे. फी भरण्याआधी मान्यतेचा कागद डोळ्यांनी पाहावा.

नोकरी शोधताना पहिला दरवाजा आपल्याच मालकाचा. प्रवेश घेण्याआधीच विचारावे, "साहेब, डिप्लोमा झाल्यावर सुपरवायझरची जागा मिळेल का?" उत्तर नाही आले, तरी आपण कोठे उभे आहोत ते कळते. दुसरा दरवाजा शेजारच्या कारखान्यांचा. विरारहून बोईसर-तारापूरची औद्योगिक वसाहत लोकलच्या टप्प्यात आहे. अर्जात कोणती यंत्रे चालवली, कोणता बिघाड काढला, हाताखाली किती माणसे होती, हे आधी लिहावे, मार्क नंतर. सरकारी नोकरीची आशा धरणाऱ्याने वय मोजावे. राज्याच्या सरळसेवा भरतीत साधारण मर्यादा खुल्या गटाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ वर्षे आहे.

तिसरा दरवाजा आपल्या घरचाच. साखर कारखान्याला बॉयलर, टर्बाइन, मिल सांभाळणारी जाणती माणसे लागतात. बॉयलरवर काम केलेल्या इंजिनीअरला बॉयलर ऑपरेशन इंजिनीअरची परीक्षा देता येते. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये साखर अभियांत्रिकीचे शिक्षणही मिळते.

शेवटी हिशेब. नोकरी सोडून शिकू नये. रात्र जागावी, पण पगार चालू ठेवावा. फीसाठी जमीन गहाण टाकू नये. आणि घरच्यांनी तीन-चार वर्षे त्याला सणासुदीची, लग्नकार्याची सूट द्यावी. फीइतकीच ही मदतही लाखमोलाची आहे.