लिस्बनमध्यें एक दिवस

परक्या शहरांत मुलाबाळांसह एकच दिवस हातीं असला, म्हणजे बहुतेक कुटुंबें त्याची नुसती धांवपळ करून टाकतात. दहा स्थळें पाहिलीं जातात आणि संध्याकाळीं पायदुखीखेरीज पदरीं कांहीं उरत नाहीं. असा दिवस कसा घालवावा, हें पोर्तुगालची राजधानी लिस्बन हिच्या उदाहरणानें आज सांगण्याचें योजिलें आहे. शाळेच्या नकाशावरील ज्या ठिपक्यावर मीं वर्षानुवर्षें छडी टेकविली, तें शहर निवृत्तीनंतर मुलगा, सून व नातवंडें यांच्यासमवेत पाहण्याचा योग आला. त्या अनुभवाचा या भाषणास आधार आहे.

लिस्बन तेजू नदीच्या मुखाशीं, टेकड्यांच्या उतारांवर वसलें आहे. सकाळ नदीकांठच्या बेलेम भागास द्यावी. शहराच्या मध्यभागांतून तेथें ट्राम जाते. येथील जेरोनिमुश मठाचें बांधकाम सोळाव्या शतकाच्या आरंभीं सुरू झालें. त्याच्या खर्चाचा मोठा भाग आफ्रिका व पूर्वेकडील देश यांच्याशीं चालणाऱ्या व्यापारावरील करांतून निघाला. खांबांवरील नाजूक कोरीवकाम दाखवितांना मुलांना सांगावें कीं, या दगडांत पूर्वेकडील व्यापाराचा पैसा आहे.

आंत वास्को द गामाची समाधि आहे. १४९७ सालीं तो याच नदींतून निघाला व १४९८ च्या मे महिन्यांत कालिकतजवळ पोहोंचला. समाधीपाशीं नातीनें विचारलें, "आजोबा, हा माणूस चांगला कीं वाईट?" असल्या प्रश्नाचें एका शब्दांत उत्तर देऊं नये. आफ्रिकेला वळसा घालून येणें हें असामान्य धैर्याचें काम होतें; मात्र पुढें समुद्र ओलांडण्याची वाट त्याला मालिंदी बंदरांत मिळालेल्या एका जाणत्या नाखव्यानें दाखविली. याच वास्कोनें १५०२ सालीं मक्केहून परतणाऱ्या यात्रेकरूंचें जहाज माणसांसकट जाळविलें. १५१० मध्यें पोर्तुगीजांनीं घेतलेलें गोवें १९६१ पर्यंत त्यांच्या ताब्यांत राहिलें. वसई मात्र १७३९ सालीं चिमाजी आप्पांनीं जिंकून घेतली. हें सारें मीं तिला तेथेंच उभ्या उभ्या सांगितलें. मुलांना अर्धा इतिहास सांगितला, तर त्यांच्या मनांत एक तर नुसता दिपून जाण्याचा भाव राहतो, नाहीं तर नुसता राग राहतो.

मठाजवळच १८३७ पासून चालत आलेलें मिठाईचें दुकान आहे. अंड्याचा बलक, दूध व साखर यांचें सारण भरलेल्या खुसखुशीत वाट्या तेथें दालचिनी भुरभुरून खातात. ज्यांना अंडें वर्ज्य असेल, त्यांनीं कॉफीवर भागवावें. येथपासून मुलांना एक खेळ लावून द्यावा. पाव, बटाटा, कोबी, काजू, अननस, बादली, चावी हे आपल्या घरांतील शब्द पोर्तुगीज भाषेंतून आलेले आहेत. दुकानांच्या पाट्यांवर व लोकांच्या बोलण्यांत ते शोधण्यांत मुलें अगदीं रमून जातात. काजू व अननस हीं फळें तर पोर्तुगीज जहाजांनींच अमेरिकेहून आपल्याकडे आणलीं.

दुपारीं शहराच्या सखल मध्यभागांत यावें. येथील रस्ते ओळंब्यांत आखल्यासारखे सरळ आहेत, आणि त्याचें कारण दुःखद आहे. १ नोव्हेंबर १७५५ रोजीं, सर्व संतांच्या सणाच्या सकाळीं लोक चर्चमध्यें जमले असतां प्रचंड भूकंप झाला. पाठोपाठ समुद्राच्या लाटा आल्या आणि मग कित्येक दिवस आग धुमसत राहिली. पुढें मार्किस पोंबाल म्हणून प्रसिद्ध झालेल्या मंत्र्यानें हा भाग नव्यानें आखविला. भूकंपाच्या धक्क्यानें घर एकदम कोसळूं नये, म्हणून भिंतींच्या आंत लांकडाचा सांगाडा बसविला. लांकूड थोडें लवतें, दगड लवत नाहीं. जवळच्या टेकडीवर कार्मु मठाचें चर्च आहे. त्याच्या मुख्य दालनावर पुन्हां छप्पर घातलेंच नाहीं. उघड्या आकाशाखालीं उभ्या असलेल्या त्या कमानी पाहिल्यावर भूकंपाचें वर्णन निराळें करावें लागत नाहीं.

तिसऱ्या प्रहरीं २८ क्रमांकाच्या पिंवळ्या ट्राममधून आल्फामा या जुन्या वस्तीकडे जावें. येथील गल्ल्या इतक्या अरुंद व चढाच्या आहेत कीं, तेथें आंखूड, एकाच डब्याची जुनी गाडीच वळूं शकते. गर्दी फार असते, म्हणून खिसा सांभाळावा. पदपथ गुळगुळीत दगडी चिऱ्यांचे आहेत. वडील माणसांनीं घसरणार नाहींत असे जोडे घालावेत.

दिवसाला एवढें पुरे. उरलेलीं स्थळें खुशाल राहूं द्यावींत. रात्रीं जेवणानंतर मुलांना वही देऊन सांपडलेले शब्द लिहावयास सांगावे व प्रत्येक शब्दापुढें तो आपल्या घरीं कोठें वापरतों, तेंही लिहावयास सांगावें. माझ्या नातीच्या यादींत अकरा शब्द निघाले आणि त्यांतील सहा स्वयंपाकघरांतील होते.