माशीमार पक्ष्याचा प्रवास

पावसाळा सरता सरता ओढ्याच्या काठी, बागेत शेपटी हलवीत करडा धोबी पक्षी येतो आणि उन्हाळ्याच्या तोंडी उत्तरेकडे परततो. तो कधी आला, कधी गेला, याचा हिशेब आपण ठेवीत नाही. युरोपात एका पाहुण्या पक्ष्याचा असा हिशेब ठेवला गेला. त्यातून काय उमगले, ते आम्ही येथे सांगणार आहोत.

हा पक्षी म्हणजे काळापांढरा माशीमार. वजन सुमारे १२ ग्रॅम, म्हणजे आपला जुना एक तोळा! ओकच्या रानात, झाडाच्या ढोलीत किंवा माणसाने टांगलेल्या लाकडी पेटीत तो घरटे करतो. मादी पाच ते सात अंडी घालते. पिल्ले वाढतात ती मुख्यतः अळ्यांवर. उन्हाळा संपताच ही मंडळी दक्षिणेस निघतात. स्पेन-पोर्तुगालात मुक्काम करून अंगावर चरबी चढवितात आणि त्या शिदोरीवर सहारा ओलांडून पश्चिम आफ्रिकेत हिवाळा काढतात. वसंतात पुन्हा माघारी.

परतण्याची वेळ त्याला कोण सांगते? त्याच्या शरीरातच वर्षाचे एक घड्याळ असते आणि दिवसाच्या लांबीवरून ते जुळविले जाते. यंदा हॉलंडात ऊब लवकर आली, हे आफ्रिकेत बसून त्याला कळावे कसे?

येथेच घात झाला. हवा तापू लागली, ओकला पालवी लवकर फुटू लागली आणि ती खाणाऱ्या अळ्याही लवकर येऊ लागल्या. अळ्यांचा भर थोडे दिवसच टिकतो. माशीमाराने पोचताच अंडी घालण्याची घाई केली. पण ती पुरी पडत नाही, असे क्रिस्तियान बोथ व मार्सेल व्हिसर यांनी २००१ साली दाखविले. २००६ साली तर असे दिसले, की हॉलंडातील ज्या रानांत अळ्यांचा भर सर्वांत लवकर येतो, तेथे दोन दशकांत हे पक्षी सुमारे ९० टक्के घटले. जेथे तो उशिरा येतो, तेथे घट थोडीच होती.

गावाहून रात्रीच्या गाडीने निघालेला कामगार नेमल्या वेळी गिरणीच्या फाटकाशी पोचावा आणि भोंगा तासभर आधीच होऊन गेलेला असावा, तशी ही गत. कामगार कामचुकार नव्हे. त्याला न विचारता वेळ बदलली गेली. ती बदलली कोळसा आणि तेल जाळणाऱ्या माणसाने.

हे कळले कसे? दरवर्षी पेट्या उघडून पहिले अंडे कोणत्या तारखेस दिसले, हे कोणीतरी वहीत टिपले म्हणून. यंदा धोबी पहिल्यांदा दिसेल त्या दिवशी आपणही दुधाच्या हिशेबाशेजारी कॅलेंडरवर एक खूण करावी, आणि पुढच्या वर्षी ती पडताळून पाहावी.