इंजेक्शनं थोडी, खेपा जास्त

श्रावणात कानबाई देवी बसते तेव्हा धुळे जिल्ह्यातल्या साक्रीत भाऊबंदकीचा सारा गोतावळा एका छताखाली येतो. रोटाच्या घाईगर्दीत कुणीतरी चुलतसासू विचारतेच, "काय व माय, काही गोड बातमी शे का?" लग्नाला चार वर्षं झालेली सून हसून विषय बदलते. तिच्या कपाटात दवाखान्याची फाइल असते आणि मनात धास्ती असते ती हार्मोनच्या इंजेक्शनांची. कुणी सांगितलेलं असतं की अंग सुटतं, कुणी सांगितलेलं असतं की बीजं संपून पाळी लवकर जाते.

यातली दुसरी भीती तरी खोटी आहे. दर महिन्याला बीजकोशात अनेक बीजं वाढू लागतात. त्यातलं एक पुढे जातं आणि बाकीची आपोआप सुकून जातात. टेस्ट ट्यूब बेबीसाठी, म्हणजे आयव्हीएफसाठी, रोज टोचलं जाणारं इंजेक्शन या सुकणाऱ्या बीजांनाच जगवतं. पुढच्या वर्षांचा साठा ते ओरबाडत नाही.

खरा धोका दुसरा आहे, आणि त्याची चर्चा बायकांमध्ये कमी होते. पीसीओडी असलेल्या बाईचे बीजकोश औषधाला भलताच प्रतिसाद देऊ शकतात. मग पोटात पाणी साठतं, दम लागतो, रक्त घट्ट होतं, क्वचित गुठळी होते. दहा-बारा दिवस रोज किती युनिट द्यायचे, हा प्रश्न म्हणून महत्त्वाचा.

गंमत अशी की जगातलं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ एकाही उत्तेजक इंजेक्शनाशिवाय जन्मलं. इंग्लंडमध्ये स्टेप्टो, एडवर्ड्स आणि जीन पर्डी यांनी लेस्ली ब्राउन यांच्या नेहमीच्या पाळीतलं एकच बीज काढलं आणि 25 जुलै 1978 रोजी लुईस जन्मली. त्याच वर्षी 3 ऑक्टोबरला कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नातून दुर्गा जन्मली. त्यांनी मात्र हार्मोन देऊन जास्त बीजं वाढवली होती आणि भ्रूण गोठवून ठेवला होता. सरकारी समितीने त्यांना खोटं ठरवलं. 1981 मध्ये त्यांनी आयुष्य संपवलं. मुंबईच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून टेस्ट ट्यूब बाळ जन्मलं ते 6 ऑगस्ट 1986 ला. पुढे जगाने वाट धरली ती मुखोपाध्यायांची: जास्त बीजं, जास्त भ्रूण, जास्त आशा.

आता गाडी थोडी मागे वळते आहे. 2007 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेला नेदरलँड्सचा अभ्यास मला यात सगळ्यात बोलका वाटतो. 404 स्त्रियांपैकी काहींना सौम्य डोस देऊन एकच भ्रूण ठेवला, बाकीच्यांना नेहमीचा डोस देऊन दोन ठेवले. वर्षअखेर बाळ मिळण्याचं प्रमाण सौम्य गटात 43.4 टक्के आणि नेहमीच्या गटात 44.7 टक्के, म्हणजे जवळपास सारखंच. जुळ्या गर्भारपणांचं प्रमाण मात्र 0.5 विरुद्ध 13.1 टक्के. जुळी म्हटलं की आपल्याकडे पेढे वाटतात. पण दिवस भरण्याआधी आलेली दोन किलोच्या आतली दोन बाळं सांभाळणं काय असतं, ते नवजात अतिदक्षता कक्षाबाहेर बसलेल्या बापाला विचारावं.

अजिबात औषध नको, असा हट्ट मात्र महागात पडतो. पूर्ण नैसर्गिक पाळीतल्या आयव्हीएफमध्ये, जुन्या अभ्यासांचा आढावा घेतला तर, सुरू केलेल्या शंभर पाळ्यांमागे सातेक गर्भारपणंच टिकली. बीज एकच, ते आधीच फुटलं की महिना वाया. 'नैसर्गिक' या शब्दाला भुलून पस्तिशीपुढच्या बाईने वर्ष घालवू नये.

आयव्हीएफच्या आधीची पायरी गोळ्यांची. बीज तयारच होत नसेल तर लेट्रोझोल पाच दिवस घेतात. मूळचं हे स्तनाच्या कर्करोगावरचं औषध. ते शरीरातलं इस्ट्रोजेन तात्पुरतं उतरवतं. मेंदूला वाटतं काहीतरी कमी पडतंय, आणि तो स्वतःच बीजकोशाला हाक मारतो. भारतात वंध्यत्वासाठी या औषधावर 2011 मध्ये बंदी आली आणि 2017 मध्ये उठली. मधल्या काळात, 2014 मध्ये, अमेरिकेतल्या 750 पीसीओडीग्रस्त स्त्रियांवरच्या अभ्यासात लेट्रोझोलने 27.5 टक्के जणींना बाळ मिळालं, तर जुन्या क्लोमिफिनने 19.1 टक्के. बंदीच्या त्या वर्षांत आपल्या बायका कमी गुणकारी गोळी घेत राहिल्या.

साक्रीच्या बाईसाठी हिशेब इथे संपत नाही. कमी औषध म्हणजे पाळीवर जास्त नजर. बीजाची वाढ पाहणारी फॉलिक्युलर सोनोग्राफी दिवसाआड, आणि बीज फुटायची वेळ मोटारस्टँडचं वेळापत्रक पाहून येत नाही. धुळं पन्नासेक किलोमीटर. आयव्हीएफसाठी नाशिक किंवा कोंडाईबारी घाट उतरून सुरत. इंजेक्शनाचे वाचलेले पैसे भाड्यात आणि बुडालेल्या मजुरीत जातात. म्हणून डॉक्टरांना पहिल्याच भेटीत विचारावं: एका पाळीत किती खेपा? सोनोग्राफी साक्रीतच करून रिपोर्ट मोबाइलवर पाठवला तर चालेल का?

पश्चिम पट्ट्यातल्या, पिंपळनेर-कुडाशीकडच्या आदिवासी घरांसाठी आणखी एक गोष्ट. इकडे सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे. सिकलसेलच्या रुग्णाला रक्त गोठण्याचा धोका आधीच असतो आणि इंजेक्शनांनी चढलेलं इस्ट्रोजेन तो वाढवतं. इथे सौम्य डोस ही चैन नाही, गरज आहे. सिकलसेलची तपासणी नवरा-बायको दोघांची आधी व्हावी. सरकारी दवाखान्यात ती होते. गर्भनलिका बंद असतील तर क्षयाचा संशयही डॉक्टरांपुढे काढावा; आपल्या देशात ते मोठं कारण आहे, आणि त्यावर हार्मोनचा कमी-जास्त डोस काहीच करत नाही.

आणि धुळ्याच्या पहिल्या खेपेला नवराही बसमध्ये हवा. मूल न होण्यात जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाचा वाटा असतो, आणि वीर्यतपासणीचा खर्च बहुतेकदा एका इंजेक्शनाहून कमी असतो.