रंधा, पटाशी आणि आपलं कार्पेंट्री शॉप

फर्स्ट इयरचं वर्कशॉप आठवतंय ना? खाकी ॲप्रन, हातात लाकडाचे दोन तुकडे आणि फळ्यावर हाफ लॅप जॉइंटची आकृती. करवतीने कापा, पटाशीने खाच काढा, गुण्या लावून काटकोन तपासा. फट राहिलीच तर कित्येक जणांचा रामबाण उपाय ठरलेला, भुसा अधिक फेविकॉल! जॉब सबमिट झाला, सही मिळाली, विषय संपला. पुढे चार वर्षं लाकडाशी आपला संबंध फक्त ड्रॉइंग बोर्डापुरता.

मी मूळचा ढोकीचा. ढोकी म्हटलं की लोकांना तेरणा साखर कारखाना आठवतो, मला आठवतात उसाच्या बैलगाड्या. आता रस्त्यावर टायरच्या गाड्या दिसतात; पण जुन्या लाकडी चाकात किती इंजिनिअरिंग होतं ते बघा. मधला तुंबा, त्यात ठोकलेले आरे, बाहेरचं लाकडी कडं, आणि त्यावर लोखंडी धाव. ही धाव चाकापेक्षा किंचित लहान करतात, भट्टीत लाल करून फुगवतात, चाकावर चढवतात आणि पाणी ओततात. लोखंड आकसतं आणि सगळे सांधे आवळून धरतं. आपण याला श्रिंक फिट म्हणतो आणि व्हायवात अडखळतो. गावचा सुतार आणि लोहार मिळून ते उघड्यावर करत आले.

हाताच्या हत्यारांचं आकर्षण म्हणजे नुसती जुन्याची हौस, असं अनेकांना वाटतं. मला तसं वाटत नाही. रंध्याला चांगली धार असली की फळीवरून कागदासारखी पातळ सुरळी निघते आणि पृष्ठभाग चमकतो, कारण पातं लाकडाचे तंतू कापतं. पॉलिश पेपर ते नुसते ओरबाडतो. तंतूंच्या उलट दिशेने रंधा मारला की लाकूड लगेच उचकटतं आणि हाताला कळतं, दिशा बदल. मशीनला हे कळायची गरज नसते, त्यामुळे मशीन चालवणाऱ्यालाही ते कळेलच असं नाही. वाकस, करवत, पटाशी, गिरमिट ही हत्यारं माणसाला लाकूड वाचायला शिकवतात.

आणि लाकूड वाचणं गरजेचं आहे, कारण ते स्वस्थ बसत नाही. हवेतला ओलावा घेऊन ते फुगतं, कोरड्या हवेत आकसतं. गंमत म्हणजे लांबीत हा फरक जवळजवळ नसतो, जो काही असतो तो रुंदीत. आपल्याकडे मे महिन्यातली कोरडी आग आणि श्रावणातला दमटपणा, दोन्ही टोकं. म्हणून पावसाळ्यात दार अडकतं. जुन्या सुतारांनी यावर काढलेला तोडगा आजही घरोघरी दिसतो. दाराची चौकट उभ्या-आडव्या पट्ट्यांची, आणि मधला दिल्हा खाचेत सुटा बसवलेला, खिळा नाही की सरस नाही. दिल्हा फुगो वा आकसो, चौकटीचं माप तेच राहतं. एक्स्पान्शन जॉइंट म्हणतात तो हाच की!

मॉर्टाइज अँड टेननचंही तसंच. एका लाकडात भोक, दुसऱ्याला त्यात घट्ट बसणारी जीभ, तिला सुतार कूस म्हणतात. आरपार एक लाकडी खुंटी ठोकली की झालं काम. लोखंडी खिळा गंजतो, सैल होतो. खुंटी लाकडाचीच, लाकडासारखीच वागते. शिवाय खुंटी काढून सांधा सोडवता येतो, दुरुस्त करता येतो. पाणी मुरून फुगलेलं पार्टिकल बोर्ड दुरुस्त करून दाखवा बरं!

आता जरा गंभीर मुद्दा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि आपल्या धाराशिव जिल्ह्यात हजारो माणसं गेली. इथली जुनी घरं माळवदाची. मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि डोक्यावर फूट-दोन फूट मातीचा थर. माणसं दगावली ती प्रामुख्याने या दगड-मातीखाली. पण पाहणी करणाऱ्या इंजिनिअर्सना आणखी एक गोष्ट दिसली. ज्या घरांत माळवदाचा भार भिंतीवर नव्हता, लाकडी खांब आणि तुळयांच्या खणांवर होता, तिथे अनेक ठिकाणी भिंती ढासळल्या तरी खण उभे राहिले. सगळेच टिकले असं नाही. तिरके आधार नसल्याने चौकट बाजूला कलण्याचा धोका होताच. पण खांब-तुळईचा सांधा थोडा हलतो, घासतो आणि धक्क्याची ऊर्जा खातो, हे आपण आता पुस्तकात शिकतो.

लाकूड किती टिकतं, असं कुणी विचारलं तर त्याला तेरला न्यावं. ढोकीहून जवळच आहे. उत्तरेश्वराच्या प्राचीन विटांच्या मंदिराची कोरीव लाकडी चौकट तिथल्या लामतुरे संग्रहालयात आहे. ती कोरणाऱ्याकडे पटाशी होती, वीज नव्हती.

हे सगळं अडाण्याचं काम समजू नका. जॉर्ज नाकाशिमा हा एमआयटीत शिकलेला आर्किटेक्ट. दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाचा म्हणून अमेरिकेत त्याला छावणीत डांबलं. तिथे एका जपानी सुताराच्या हाताखाली तो हत्यारं धरायला शिकला आणि पुढे जगातल्या नामवंत फर्निचरकारांत गणला गेला. १९६४ मध्ये अहमदाबादच्या एनआयडीसाठीही त्याने फर्निचर डिझाइन केलं.

प्लायवूड, मशीन वाईट असं मी म्हणत नाही. शंभर खोल्यांना कपाटं हवीत तर मशीनच हवं. पण गावोगावचे वाडे उतरतात, दारं-खांब विकले जातात किंवा चुलीत जातात, आणि हत्यारं माळ्यावर गंजतात. लाकूड पुन्हा मिळेल. सांधा कुठे आणि का तसा केला हे सांगणारा माणूस एकदा गेला की गेला. आपल्याला मेजर टेप, कॅमेरा आणि ऑटोकॅड तिन्ही येतं. सुट्टीत गावी गेलात तर एखाद्या जुन्या दाराचा, तिफणीचा किंवा चाकाचा सांधा मोजा, काढा, आणि म्हाताऱ्या सुतारकाकांना चहा पाजून विचारा, "काका, हे असंच का?" व्हायवातल्या प्रश्नांपेक्षा याची उत्तरं जास्त लक्षात राहतात.