परदेशात न जाता ‘ग्लोबल’ शिक्षण मिळतं का? स्वीडनच्या माल्मोची गोष्ट

‘ग्लोबल’ शिक्षण म्हटलं की पासपोर्ट, आयईएलटीएस आणि बँकेचं कर्ज डोळ्यांसमोर येतं. पण ज्यांना परदेशी जाणं परवडत नाही, म्हणजे वर्गातले बहुतेक जण, त्यांनी काय करायचं?

स्वीडनमध्ये माल्मो विद्यापीठ १९९८ मध्ये सुरू झालं. संस्था नवी, त्यामुळे परदेशी विद्यापीठांशी फारसे करार नव्हते. तिथे आंतरराष्ट्रीय विभाग सांभाळणारे बेंग्ट निल्सन यांच्या लक्षात आलं की, जग तर शहरातच आहे. माल्मोमध्ये अनेक देशांतून आलेली स्थलांतरित कुटुंबं राहतात. १९९९ मध्ये त्यांनी या विचाराला नाव दिलं, ‘घरच्या घरी आंतरराष्ट्रीयीकरण’.

तिथला ‘नाइटिंगेल’ उपक्रम बघा. विद्यापीठातला एक विद्यार्थी आणि ८ ते १२ वर्षांचं एक मूल, अशी जोडी. दोघं शाळेच्या वर्षभर साधारण आठवड्यातून एकदा भेटतात. मुलाला विद्यापीठाची ओळख होते. आणि उद्या शिक्षक होणाऱ्या विद्यार्थ्याला कळतं की आपल्या वर्गातलं मूल कुठल्या घरातून येतं.

दुसरा मार्ग ‘कॉइल’. अमेरिकेत न्यूयॉर्कच्या सरकारी विद्यापीठाने २००६ मध्ये त्यासाठी केंद्र काढलं. दोन देशांतले प्राध्यापक ठरवून काही आठवडे एकच असाइनमेंट देतात, मुलं ऑनलाइन मिळून ती करतात. क्रेडिट ज्याच्या त्याच्या विद्यापीठाकडून. भेटीची वेळ जुळवणं हीच मोठी डोकेदुखी!

आपल्याकडे काय? २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात हेच शब्द आहेत, पण तिथे भर आहे परदेशी विद्यार्थ्यांना भारतात आणण्यावर. यूजीसीने २०२२ मध्ये परदेशी विद्यापीठांसोबतच्या पदव्यांचे नियम केले. ‘ट्विनिंग’मध्ये ३० टक्क्यांपर्यंत क्रेडिट परदेशी संस्थेचे, पदवी भारतीय. मात्र हे अभ्यासक्रम ऑनलाइन चालत नाहीत. म्हणजे पुन्हा विमानाचं तिकीट आलंच.

पुण्यात आफ्रिका आणि आशियातले विद्यार्थी कित्येक वर्षांपासून शिकतायत. अर्थशास्त्राच्या वर्गात महागाई शिकवताना, त्यांच्या आणि आपल्या घरच्या किराणा खर्चाची तुलना करणारी असाइनमेंट देता येईल. त्यासाठी कुठलाही करार लागत नाही. अभ्यास मंडळाने तिला गुण मात्र ठेवायला हवेत. बिनगुणांची असाइनमेंट आपण किती मनापासून करतो, ते तुम्हालाही माहितीये.